प्रवाळाचा उथळ टँक आणि चुन्याची निवळी

"तुमच्या तर दारातच समुद्र. बादलीभर पाणी आणायचं, खडकावरचं थोडं प्रवाळ उचलायचं, झाला की टँक!" कोकणात राहून मत्स्यालयाचा नाद केला की हे वाक्य ऐकावं लागतंच, आणि निळ्या लाइटखाली चमकणाऱ्या प्रवाळांचे रील्स सुरू झाल्यापासून तर जरा जास्तच. यात दोन मोठ्या चुका आहेत, एक कायद्याची आणि दुसरी रसायनशास्त्राची, आणि मला खरं बोलायचंय ते दुसरीबद्दल. पण पहिली आधी सांगायलाच हवी, कारण ती जेलपर्यंत नेऊ शकते.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली जे प्रवाळ आहे ते १९८७ पासून अभयारण्यात आहे. आणि अभयारण्याच्या बाहेरचं असलं तरीही, सांगाडा बांधणारे सगळे कडक प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. मेलेला पांढरा तुकडा किनाऱ्यावर मिळाला आणि शोकेसमध्ये ठेवला हेसुद्धा त्यात आलं. त्यामुळे परदेशातले लोक घरी जे रंगीत कडक प्रवाळ वाढवतात ते आपल्याकडे घरात करायचं नाही, विषय संपला. उरतात ते मऊ प्रकार, म्हणजे मश्रूम, लेदर, झोअँथिड वगैरे, तेही टँकमध्येच वाढवलेले आणि बिलासकट घेतलेले. दुकानदार "चालतं हो" म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका, वनखात्याच्या मँग्रोव्ह सेलला विचारून घ्या.

आता टँक. प्रवाळाचे छोटे तुकडे वाढवायचा टँक उथळ का असतो, तर कारण साधं आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा हिस्सा पॉलिपला, म्हणजे प्रवाळाच्या एकेका लहान जीवाला, देतं, काही प्रवाळांची तर ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातूनच भागते. म्हणजे प्रवाळ हा प्राणी असूनही त्याला उजेड लागतो. पाणी २५-३० सेंटीमीटरच असेल तर साध्यातला एलईडीसुद्धा तळापर्यंत नीट पोचतो, हात खालपर्यंत जातो, सगळे तुकडे वरून दिसतात, आणि पाण्याच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर हे काम चांगलं होतं. तोटा एकच, पाणी भराभर उडतं, आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी राखावी लागते. हे गोडं पाणी पुढे फार महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

दारातल्या समुद्राचं पाणी का नको? मोकळ्या समुद्रात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर कर्ली, गड अशा नद्या लाल गढूळ पाणी आणून ओततात, किनाऱ्याजवळची खारटाई पार खाली येते, आणि सोबत गाळ, खत, बोटींचं डिझेल. बारा महिने एकसारखं पाणी हवं असेल तर शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार अजिबात नसलेलं, आरओ-डीआय फिल्टरचं पाणी आणि विकतचं सागरी मीठ हाच सरळ मार्ग. विहिरीचं पाणी कितीही गोड लागलं तरी त्यात जांभ्यातलं लोह, नायट्रेट, फॉस्फेट असू शकतं. आणि हो, पाणी साठवायला तांब्याचा हंडा अजिबात नको. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गुण सांगणारे मेसेज रोज येतात, पण अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबं म्हणजे विष, अगदी थोडंसं उतरलं तरी प्रवाळ, गोगलगाई, कोळंबी सगळं मरतं.

आता माझ्या आवडीचा भाग. शाळेतला प्रयोग आठवतो? चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचं, निवळी दुधाळ होते, आणि सर सांगतात की उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. ते जे दूध झालं ते कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळाचा सांगाडा तोच, शिंपल्याचं कवच तेच, आणि आपल्याकडे शिंपले भट्टीत भाजून जो बांधकामाचा चुना करायचे तोही त्याच पदार्थापासून. म्हणजे समुद्रातला जीव पाण्यातून चुनखडी बनवतो आणि माणूस ती जाळून पुन्हा चुना करतो, आणि आपल्याला टँकमध्ये हेच चक्र उलटं फिरवायचंय.

गंमत अशी की समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शियम कार्बोनेट आधीच पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असतं. नियमाने ते आपोआप खाली बसायला हवं. बसत नाही, कारण पाण्यात लिटरमागे १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि ते नव्या स्फटिकात घुसून त्याची वाढ अडवतं. मग प्रवाळाला कसं जमतं? पॉलिपचं मऊ अंग आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये द्रवाचा एक अतिशय पातळ थर असतो. तिथल्या पेशींच्या पटलात एक प्रथिनाचा पंप आहे, तो कॅल्शियमचा एक आयन आत ढकलतो आणि बदल्यात हायड्रोजनचे दोन आयन बाहेर फेकतो. हायड्रोजन आयन गेले की तिथला पीएच बाहेरच्या पाण्यापेक्षा बराच वर चढतो, पीएच चढला की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, ते कॅल्शियमला भेटतं आणि अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका प्रकारचा, स्फटिक बसतो. पंपाला ऊर्जा लागते, ती उन्हावर जगणाऱ्या शैवालाकडून येते, म्हणूनच कडक प्रवाळ दिवसा रात्रीच्या साधारण तिप्पट वेगाने चुना बांधतं. एवढासा जीव प्रोटॉन, म्हणजे तेच हायड्रोजन आयन, उपसून बेटं उभी करतो, मला तरी यापेक्षा सुंदर यंत्रणा माहीत नाही!

या बांधकामाचा हिशोब ठरलेला असतो. सांगाडा बनताना पाण्यातलं कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमने कमी झालं तर अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा, २.८ डीकेएचने (हे अल्कलिनिटी मोजायचं एकक) कमी होते. आता हे बघा. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१० च्या आसपास आणि अल्कलिनिटी ७ च्या आसपास. कॅल्शियम ४१० वरून ३९० वर आलं तर ५ टक्के घट, घरगुती किटवर धड कळणारही नाही. पण तेवढ्यात अल्कलिनिटी ७ वरून ४.२ वर, म्हणजे ४० टक्के गेली! त्यामुळे "प्रवाळ वाढत नाही, कॅल्शियम टाका" हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या दिशेला नेतो. आधी संपते ती अल्कलिनिटी, आठवड्यातून दोनदा मोजायची ती तीच.

आणि इथे निवळी येते. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो पाण्यात गेला की कॅल्शियम एक आणि हायड्रॉक्साइड दोन, आणि ते हायड्रॉक्साइड पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून बायकार्बोनेट बनवतं. म्हणजे प्रवाळ ज्या प्रमाणात नेतं बरोब्बर त्याच प्रमाणात परत. लिटरमध्ये साधारण दीड ग्रॅम विरघळतो, असं एक लिटर १०० लिटरच्या टँकमध्ये गेलं तर कॅल्शियम लिटरमागे ८ मिलिग्रॅमने आणि अल्कलिनिटी १.१ डीकेएचने वाढते. आठाला १.१ आणि विसाला २.८, करून बघा गणित. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी जे गोडं पाणी घालायचंच आहे, त्यातूनच हे देता येतं.

मऊ प्रकार फारच थोडा चुना वापरतात, झोअँथिडला तर सांगाडाच नसतो, मग हे सगळं कशाला? कारण खडकावर आणि काचेवर जो गुलाबी-जांभळा कडक थर चढतो, ओहोटीला कातळातल्या डबक्यांतही दिसतो, ते चुना बांधणारं लाल शैवाल आहे, आणि गोगलगाई, नळीतले किडे यांनाही चुना लागतोच. तो गुलाबी थर पसरायला लागला म्हणजे पाणी जमलं असं समजा. पण निवळी मोजून आलेल्या घटीएवढीच द्यायची. तिचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर शाळेतला प्रयोग टँकमध्येच होतो, सगळं दूध. सलाईनच्या नळीने थेंब-थेंब, आणि शक्यतो रात्री, कारण रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच तसाही खाली जातो. पानाचा चुना नको, शुद्ध पावडर घ्या आणि डबा घट्ट बंद ठेवा, हवा लागली की त्याची चुनखडी होते, मग उपयोग शून्य.

चुनखडीवरूनच एक सांगतो. मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळं हाही सांगाडाच आहे, बराचसा भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचा. कॅल्शियम कार्बोनेट आणि लाल रंगद्रव्य, बस. त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, म्हणजे करंगळीएवढी फांदी व्हायला कित्येक वर्षं जातात. लग्न जुळणं, व्यवसाय चालणं याच्याशी त्या चुनखडीचा काहीही संबंध नाही, आणि त्यापायी एक जिवंत वसाहत खरवडली जाते याचा मला खरंच राग येतो.

बाकी दोन गोष्टी पटकन. तापमान २५ ते २७ अंश बरं. एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणी सहज तिशी गाठतं, आणि पृष्ठभागावर पंखा लावून बाष्पीभवनाने थंड करायची युक्ती किनाऱ्यावरच्या दमट हवेत कमी चालते, म्हणून टँक उत्तरेच्या भिंतीला, पत्र्याखाली नको, आणि परवडत असेल तर चिलर. दुसरी गोष्ट वीज. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती. पाणी हललं नाही तर काही तासांत ऑक्सिजन संपतो, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, रंगीत लाइट मग.

नव्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत काहीही सोडायचं नाही, याला काही आठवडे लागतात. पहिले तुकडे मश्रूमचे असू देत, ते चुकीला माफ करतात. झोअँथिड कापताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच, त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं, ते जखमेतून, डोळ्यांतून आणि वाफेतूनही बाधतं. म्हणून असे जीव चिकटलेला दगड स्वच्छ करायला गरम पाण्यात कधीच उकळायचा नाही, आणि कापाकापीची भांडी स्वयंपाकघरात परत न्यायची नाहीत.