सशाचा आहार : खानदेशातले गैरसमज

पाळीव सशाने काय खावं याबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात चालत आलेल्या समजुती. बऱ्याचशा सगळीकडेच आहेत, पण गवत सोडून उरलेली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर, भिजवलेला हरभरा नाहीतर केळं पुढ्यात टाकणं ही खास इकडची तऱ्हा.

पहिला घोळ प्राण्याचाच आहे. कपाशीतून टणाटण पळतो तो रानससा, लेपस नायग्रिकोलिस, आणि पिंजऱ्यातला असतो तो युरोपातल्या ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या वेगळ्याच जातीचा वंशज, त्यामुळे "रानातला हरभऱ्याचं शेत खातो मग घरच्याला दाणे का नको" हे काही टिकत नाही, आणि रानातलाही मुख्यतः गवत न् कोवळा पालाच खातो. (रानससा पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, ते वेगळंच.)

"सशाचं खाणं म्हणजे गाजर" या समजाचं खापर बहुतेक जण १९४० पासूनच्या बग्ज बनीच्या कार्टूनवर फोडतात. काहींच्या मते शाळेच्या तक्त्यावरचं सशाचं चित्र जास्त जबाबदार असावं, आणि टीव्ही उशिरा पोचलेल्या गावांचा विचार केला तर हे मत जास्त पटतं. काही असो, गाजरात साखर भरपूर, म्हणून ते अधूनमधून एखादा तुकडा, एवढंच. गंमत म्हणजे हिवाळ्यात बाजारात भाजीवाला पाला पिळून टोपलीखाली टाकतो आणि लोक नुसतं गाजर घरी नेतात, सशाच्या कामाचा तो पालाच. केळ्याचंही तेच, एखादा तुकडाच, रावेर-यावलचं कितीही गोड असलं तरी.

"ससा स्वतःची लेंडी खातो म्हणजे उपाशी आहे" हा समज सगळ्यात चिवट. सशाचं गवत आंबतं ते लहान आतड्याच्या शेवटाला असलेल्या अंधांत्र नावाच्या पिशवीत, तिथे जंतू प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार करतात आणि त्याचे मऊ, चकाकते, द्राक्षाच्या घोसासारखे गोळे ससा थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन गिळतो. याचं शास्त्रीय वर्णन साधारणपणे फ्रेंच पशुवैद्य मोरो यांच्या १८८२ मधल्या कामापासून धरतात. ससा रवंथ करतो असं जुन्या काळी मानायचे, ते चूक, पण निरीक्षण अगदीच वाया गेलेलं नाही, अन्न दोनदा पोटातून जातं हे खरंच आहे. भाकर, बिस्किट, भात यातला स्टार्च याच अंधांत्रातले जंतू बिघडवतो, मग गॅस होतो, आतडं थांबतं, सशाला उलटीही करता येत नाही, आणि अर्धा दिवस तोंड लावलं नाही तर थेट डॉक्टरच गाठावा लागतो.

दाण्याचा खुराक आला कुठून? ससेपालनाचे तक्ते मांस आणि लोकरीसाठी बनले, अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं कामही त्याच अंगाने झालं. मांसाचा ससा तीनेक महिन्यांत कापायचा असतो, त्याला झटपट वजन हवं. घरचा आठ-दहा वर्षं जगू शकतो. तोच तक्ता त्याला लावला की लठ्ठपणा ठरलेला. लसूणघासही पिल्लांना ठीक, मोठ्याला रोज दिला तर जादा कॅल्शियम लघवीवाटे जातं आणि खडे होऊ शकतात.

दात घासायला वाळका पाव देतात, त्याने दात झिजत नाहीत. २८ च्या २८ दात जन्मभर वाढतात, पुढचे आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, आणि दाढा झिजतात त्या गवत तासन् तास चघळूनच.

"पाणी पाजलं की ससा मरतो" हे सरळ खोटं. किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं, भुसावळच्या मे महिन्यात तर वाटी रिकामी राहताच कामा नये.

गवत म्हणून हरळी, मारवेल चालतं, वाळवूनही ठेवता येतं. कोवळी ज्वारी नको, तिच्यात सायनाइडचं विष असतं, गुरांनाही बाधतं. बांधावरचं कापायचं तर शेजारच्या कपाशीवर फवारा कधी मारला ते आधी विचारून घ्यावं.