शंटच्या पोटातल्या गुंतागुंती

डोक्यात साठलेलं पाणी (जलशीर्ष, दवाखान्यात सगळे हायड्रोसेफॅलसच म्हणतात) कातडीखालून नेलेल्या सिलिकॉनच्या बारीक नळीने पोटात सोडतात, हा व्हीपी (व्हेंट्रिक्युलो-पेरिटोनियल, म्हणजे मेंदूच्या पोकळीतून पोटात) शंट. त्या नळीच्या खालच्या टोकाशी जे काही बिघडतं ते या नोंदीत आहे. मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिली मस्तिष्क-मेरुद्रव, म्हणजे हेच डोक्यातलं पाणी, तयार होतो आणि पोटाचं आतलं अस्तर, म्हणजे पर्युदर, तो एरवी सहज शोषून घेतं.

पोटात पाणी सोडायची कल्पना पहिली कोणाची यावर एकमत नाही. काहीजण १८९८ च्या फर्ग्युसन या सर्जनचं नाव घेतात, पण त्याने कमरेच्या मणक्याला भोक पाडून चांदीची तार पोटात नेली होती, मेंदूतून नळी नव्हती. मेंदूच्या पोकळीतून थेट पर्युदरात रबरी नळी टाकली ती काउश या सर्जनने, १९०५ च्या सुमारास, म्हणून आजच्या शंटचा मान त्यालाच देणं जास्त पटतं. पुढे १९५० च्या दशकात स्पिट्झ-होल्टर व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आला आणि पाणी हृदयाकडे सोडायची पद्धत जोरात चालली. पण मूल वाढलं की तिथली नळी आखूड पडते, पोटात मात्र जास्तीची लांबी आधीच ठेवून देता येते, म्हणून सिलिकॉनच्या नळ्या आल्यावर साधारण १९६० च्या दशकाच्या शेवटापासून पोटच पसंतीचं ठरलं. भारतात इथेच बनणारा छाब्रा शंट स्वस्त असल्यामुळे सरकारी दवाखान्यात तोच जास्त दिसतो.

सगळ्यात वादाची गुंतागुंत म्हणजे स्यूडोसिस्ट, नळीच्या टोकाभोवती साठलेली पाण्याची खोटी गाठ. खोटी अशासाठी की तिला स्वतःचं अस्तर नसतं, आजूबाजूच्या आतड्यांचा आणि जाड झालेल्या पर्युदराचाच कप्पा बनतो. पहिली नोंद बहुतेक हार्शची, १९५४ ची. ती का होते यावर बरीच मतं आहेत: आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी एकमेकांना चिकटणं, पाण्यातली जास्त प्रथिनं, नळीची ॲलर्जी, किंवा जंतुसंसर्ग. कल्चर (पाण्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाही म्हणणारे आहेत, पण शंटच्या संसर्गातले नेहमीचे जंतू म्हणजे स्टॅफ एपिडर्मिडिस आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, दोन्ही मंद, दुसरा तर इतका हळू वाढतो की कल्चर दहा-चौदा दिवस ठेवावं लागतं आणि दोन-तीन दिवसांत रिपोर्ट दिला तर तो सुटतोच. त्यामुळे गाठ दिसली की संसर्ग आहे असंच धरून चालावं, हे मत जास्त भक्कम वाटतं. सोनोग्राफीत गाठ लगेच दिसते, नळीचं टोकही आत दिसतं.

नाशिककडे हे मुद्दाम लिहावंसं वाटतं. पेठ-सुरगाण्याकडून सावळघाट उतरून-चढून येणाऱ्या पोराचं पोट दुखतंय, फुगलंय, उलट्या होताहेत, तर आधी जंताचं औषध, मग टायफॉइड, मग अपेंडिक्स अशी रांग लागू शकते, आणि कानामागे कातडीखाली नळी आहे हे कोणी हाताने बघितलेलं नसतं. डोकेदुखी किंवा सुस्ती नंतर येते, कधी येतही नाही. आपल्याकडे टीबीच्या मेनिंजायटीसनंतर (मेंदूच्या आवरणाची सूज) शंट टाकलेली मुलं आहेत, त्यांच्या पोटात पाणी झालं तर ते पोटाच्या टीबीचं की शंटचं न शोषलेलं हे दोन्ही तपासावं लागतं.

आतड्याला भोक पडणं क्वचित, शंटच्या शंभर रुग्णांत एकापेक्षा कमी. पूर्वीच्या स्प्रिंगवाल्या कडक नळ्यांत ते जास्त व्हायचं असं मानतात, पण मऊ नळ्यांतही होतं, लहान बाळांत विशेष. नवल असं की बऱ्याच जणांना पर्युदरदाह होत नाही, कारण नळीभोवती आधीच तंतूंचं आवरण झालेलं असतं. बाळाला धुताना आईला शौचाच्या जागेतून नळी बाहेर दिसते आणि तेव्हाच पहिल्यांदा कळतं. ती घरी ओढू नये, कापू नये, आत ढकलू तर नयेच, तसंच घेऊन न्यूरोसर्जनकडे जावं, कारण आतड्यातले जंतू, ई. कोलाय वगैरे, नळीवाटे मेंदूपर्यंत चढू शकतात. सर्जनही बाहेर आलेलं टोक वर ओढत नाहीत, पोटाच्या भिंतीजवळ नळी कापून खालचा तुकडा खालूनच काढतात.

लहान मुलांत जांघेतली वाट उघडी राहिलेली असते, त्यातून हर्निया, हायड्रोसील किंवा नळी थेट अंडकोशात. बेंबीतून, मूत्राशयात, योनीतून नळी आल्याच्याही नोंदी आहेत. मेड्युलोब्लास्टोमासारख्या मेंदूतल्या कॅन्सरच्या गाठीच्या पेशी शंटमधून पोटात उतरल्याची वर्णनं थोडी आहेत.

संसर्ग असेल तर नळी काढून पाणी बाहेरच्या पिशवीत सोडतात, अँटिबायोटिक देतात आणि पाणी स्वच्छ झाल्यावर नवा शंट टाकतात. पोट पुन्हा शोषत असेल तर पोटातच, नाहीतर हृदयाच्या वरच्या कप्प्यात, फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत किंवा अगदीच क्वचित पित्ताशयात.