घरी बांधलेलं मोठं आरसी विमान

आत माणूस न बसता जमिनीवरून रेडिओने उडवायचं, खेळण्यापेक्षा बरंच मोठं आणि तयार किट न आणता स्वतः नकाशा काढून घरीच बांधलेलं विमान. बोलताना आरसी (रेडिओ कंट्रोल) प्लेन, मोठं मॉडेल, जायंट स्केल असं काहीही म्हणतात. 'मोठं' नेमकं कुठून सुरू होतं यावर एकमत नाही. इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशन या अमेरिकी संघटनेची व्याख्या जास्त चालते, तिच्यानुसार पंखांची एक जोडी असेल तर टोकापासून टोकापर्यंत ८० इंच, एकावर एक दोन जोड्या असतील तर ६० इंच, किंवा मग खऱ्या विमानाच्या पाव आकाराचं. दुसरे लोक वजनाने मोजतात आणि तिथे २५ किलो ही वरची हद्द साधारण सगळीकडे दिसते, भारताच्या ड्रोन नियम २०२१ मध्येसुद्धा. इंचांची व्याख्या सोयीची आहे, पण बांधायला बसल्यावर खरी भानगड वजनाचीच निघते.

पहिलं कोणाचं, हा वाद जुना आहे. मराठीत विमान म्हटलं की शिवकर बापूजी तळपदे येतातच, १८९५ च्या सुमारास त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं बिनमाणसाचं यान उडवलं असं सांगितलं जातं. त्याला ठोस समकालीन पुरावा पुढे आलेला नाही, आणि घटकाभर उड्डाण झालं असं धरलं तरी ते रेडिओवरचं नव्हतं, कारण निकोला टेस्लाने बिनतारी चालणारी छोटी बोट न्यूयॉर्कमध्ये लोकांना दाखवली तीच मुळात १८९८ साली. ब्रिटिशांचं १९३५ चं 'क्वीन बी' रेडिओवर उडायचं, पण ते टायगर मॉथवरून केलेलं पूर्ण आकाराचं विमान, तोफांच्या नेमबाजीसाठी, त्यामुळे त्याला मॉडेल म्हणणं ओढूनताणून होतं. मॉडेलचा मान बहुतेक वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकी भावांच्या 'गफ'ला दिला जातो, १९३७ चं विमान, आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. काही जण चेस्टर लॅन्झो यांचं नाव पुढे करतात, कारण १९३७ ची अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली आणि गुड बंधूंची पाळी १९३८ मध्ये आली. स्पर्धा जिंकणं वेगळं आणि आधी उडवणं वेगळं, म्हणून गफचीच बाजू जड वाटते. पण या सगळ्यात एक गोष्ट सहसा निसटते, गफचे पंख सुमारे ८ फूट म्हणजे ९६ इंच होते, आजच्या व्याख्येत सरळ 'मोठं' विमान! तेव्हाचे रेडिओतले व्हॉल्व्ह आणि बॅटऱ्या एवढ्या जड की लहान विमान ते उचलूच शकत नसे. म्हणजे आधी लहान आणि मग हळूहळू मोठं असा क्रम इथे नाही, ट्रान्झिस्टर आल्यावर विमानं लहान झाली आणि नंतर हौसेने पुन्हा मोठी.

आकाराचं गणित समजलं की निम्मं डिझाइन झालं म्हणायचं. लांबी पाव केली की क्षेत्रफळ १६ पट कमी होतं आणि वजन ६४ पट. सगळ्यांचं आवडतं पायपर कब हे छोटं अमेरिकी विमान घ्या, पंख १०.७ मीटर, भरलेलं वजन ५५३ किलो. पाव आकाराला पंख २.७ मीटर होतात आणि वजन साधारण ८.६ किलो यायला हवं. पंखाच्या दर चौरस मीटरवरचा भार खऱ्याच्या चौथा हिस्सा राहतो, म्हणून ते खऱ्याच्या निम्म्या वेगात, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सुद्धा हवेत टिकतं. शिवाय पंखाची रुंदी ४० सेंटीमीटर असल्यामुळे हवा त्यावरून बरीचशी खऱ्या पंखासारखी वाहते, लहान फोमच्या विमानासारखी ते प्रत्येक झुळुकीला नाचत नाही. मात्र हाच नियम उलटाही फिरतो. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथलं आलिझे हे नौदलाचं जुनं विमान बघून आलेल्या पोराला तेच बांधायचं असतं, साहजिक आहे. आलिझेचे पंख १५.६ मीटर, सहाव्या हिश्श्याला २.६ मीटर, ऐकायला छान, पण ८,२०० किलोंना २१६ ने भागलं की ३८ किलो येतात. म्हणजे नियमाच्या हद्दीत राहायचं तर ते प्रमाणापेक्षा खूपच हलकं बांधावं लागतं, आणि खरी कारागिरी तिथेच लागते. पहिलं विमान कब, नाहीतर आपल्याकडचं एचएएलचं पुष्पक, अशा वरच्या पंखाचं, साध्या अंगाचं असलेलं बरं.

लाकूड म्हणजे बाल्सा, मूळ इक्वाडोरकडचं, वजनाने सागवानाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढं आणि महाग. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा किंवा सावर वापरून बघतात, पण दोन्ही बाल्सापेक्षा बरीच जड पडतात, शेपटीकडे तर नकोच. स्वस्तातला मार्ग म्हणजे थर्माकोलचा ठोकळा तापलेल्या नायक्रोमच्या तारेने कापून पंख करायचा आणि वर पातळ प्लाय नाहीतर फायबर. गोव्यात फायबरच्या होड्या बांधणारे आहेत त्यामुळे रेझिन आणि कापड नवीन नाही, इंजिनावरचं नाकाड त्यातच होतं. दिवाळीला कंदील आणि नरकासुराचा सांगाडा बांधून ज्याचा हात बसलाय त्याला कामट्यांचा अंदाज असतोच, कमी सामानात ताठ चौकट कशी उभी करायची ते त्याला शिकवावं लागत नाही.

पंखाचा कणा म्हणजे स्पार. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मध्ये लाकडाच्या रेषा उभ्या येतील असा बाल्सा. रेषा आडव्या बसवल्या तर पंख दिसतो तसाच पण हवेत मोडतो, आणि ही चूक वरून कव्हर चढल्यावर दिसतच नाही. सगळा ताण मुळाशी येतो, ४ जीच्या, म्हणजे वजन चौपट भासवणाऱ्या वळणात ८.६ किलोचं विमान ३४ किलोंचं होतं. तपासायला सोपा उपाय, पंख उलटा करून मध्ये टेकू द्यायचा आणि दोन्ही बाजूंना मिळून ३४ किलो उकडे तांदूळ पिशव्यांत भरून सारखे पसरायचे (घरातल्यांना आधी सांगून!). कुठे कर्र आवाज आला तर घरीच आलेला बरा. बांधायला सपाट जागा म्हणून जुनं दार चालतं, फक्त दोरा ताणून त्याचा बाक बघायचा, दार वाकडं तर पंख वाकडा. पंख दोन तुकड्यांत करून मध्ये अ‍ॅल्युमिनियमची नळी घालतात, नाहीतर विमान बाल्कांवातून (घरापुढच्या ओसरीतून) बाहेर निघत नाही.

तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांवर हवा. दोघांनी पंखाखाली एकेक बोट धरून उचलायचं आणि नाक किंचित खाली झुकलं की ठीक. कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब, म्हणून शेपटीत १०० ग्रॅम वाढले की नाकात अंदाजे ३०० ग्रॅम शिसं जातं, शेपटीकडे फेविकॉल सुद्धा हात आखडून लावतात ते यासाठीच.

इंजिन पेट्रोलचं टू-स्ट्रोक, अशा कबला २० ते ३५ सीसी पुरे, पुढचा फिरता पंखा १८ इंचांच्या आसपास, सुरू करताना शेपूट दोरीने बांधायची आणि एकाने धरायचीही. रेडिओ आता २.४ गिगाहर्ट्झचा, रिसीव्हरला दोन बॅटऱ्या.

गोव्यात हवेशीर सडे (कातळाची पठारं) आहेत, कापणीनंतरची शेतं आहेत, तरी जागा मिळत नाही. दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांत सरळ रेषेत जेमतेम ४० किलोमीटर आहेत. नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट, त्यापलीकडे ४०० फूट, आणि आत यायचं तर परवानगी. शिवाय दाबोळी नौदलाचा तळ. २५ किलोपर्यंतच्या हौशी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण ते नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. त्यामुळे कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघून माणूस पूर्वेला सरकतो, तर तिकडे सत्तरीपासून डोंगर आणि अभयारण्य. किनारा लांबून मोकळा वाटतो, पण वाळू इंजिनात जाते, खारा वारा कनेक्टर खातो आणि माणसं तर असतातच. सड्यावर चिरा आणि खडे, म्हणून चाकं मोठी घेतात. दुपारी समुद्राचं वारं सुटतं, त्यामुळे उडवणं सकाळी नऊच्या आत. पावसाळा बांधणीचा, पण दमट हवेत रेझिन चिकट राहतं आणि इस्त्रीने ताणून बसवलेली फिल्म सुरकुतते, म्हणून कव्हरचं काम बरेच जण दिवाळीनंतरवर ढकलतात.