पेशंट भडकलाय की त्याचं बूड टेकत नाहीये?

'रात्री १.४५. पेशंट अस्वस्थ. वॉर्डात येरझारा. सांगून ऐकत नाही. इंजेक्शन हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ, प्रोमेथाझिन ५० मिग्रॅ, स्नायूत दिले. ३.०० वाजता झोपला.'

मनोरुग्णालयातली कुठलीही जाडजूड फाइल उघडा, अशी नोंद हमखास सापडते. सकाळच्या राउंडला 'रात्री ॲजिटेटेड होता' एवढंच कानावर पडतं आणि हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकच्या, म्हणजे मनोविकारावरच्या औषधाच्या, १० मिलिग्रॅमचे १५ होतात. पुढच्या रात्री येरझारा आणखी वाढतात, म्हणून परत इंजेक्शन. चौथ्या दिवशी पेशंट गोळी घ्यायला नकार देतो आणि फाइलीवर 'इनसाइट नाही', म्हणजे स्वतःच्या आजाराची जाणीव नाही, असा शिक्का बसतो. येरझारा औषधाच्या आधीपासून होत्या की नंतर सुरू झाल्या, हे कळायला दोन पानं मागं उलटावी लागतात. नेमकं तेवढंच राहून जातं.

ॲजिटेशन म्हणजे काय हे वॉर्डात आठवडाभर ड्यूटी केलेल्या कोणालाही समजावायला नको. चढलेला आवाज, आवळलेल्या मुठी, दारावर लाथ, शिव्या. ते दुरूनही ओळखू येतं आणि त्यावर काय करायचं हेही पाठ असतं. पुढे जाऊ, त्याच्याशी गल्लत होणाऱ्या अकॅथिसियाकडे.

अकॅथिसिया या ग्रीक शब्दाचा अर्थ 'बसता न येणं'. प्रागच्या लाडिस्लाव हाश्कोव्हेट्स यांनी १९०१ साली तो वापरला, म्हणजे क्लोरप्रोमाझिन हे पहिलं अँटिसायकोटिक यायला अजून पन्नास वर्षं होती. आज वॉर्डात दिसणारा अकॅथिसिया मात्र बहुतेक वेळा आपणच दिलेल्या औषधाचा असतो. मराठीत त्याला आयता वाक्प्रचार आहे, बूड न टेकणं. तो आपण वांड पोरांसाठी राखून ठेवलाय, ही गोष्ट वेगळी.

आता खरी गोम. दोन्ही पेशंट चालताना दिसतात, म्हणून दोघांना एकच शब्द लागतो, 'अस्वस्थ'. पण ॲजिटेटेड माणसाला काहीतरी हवं असतं. घरी जायचंय, बायकोला फोन लावायचाय, शेजारच्या खाटेवरचा आपल्याबद्दल कुजबुजतोय त्याला जाब विचारायचाय, नाहीतर कानातला आवाज 'पळ' म्हणतोय. त्याच्या हालचालीला रोख असतो. तो दाराशी जातो, नर्सच्या टेबलाशी येतो, कोणाच्या तरी अंगावर जातो. हात आणि तोंड पायांपेक्षा जास्त चालतं. मागणी ऐकून घेतली, विषय बदलला, चहा पुढं केला, तर थोडा वेळ का होईना, पाय थांबतात.

अकॅथिसियाच्या पेशंटला कुठं जायचं नसतं. आतली तगमग चालल्यावर क्षणभर कमी होते, म्हणून तो चालतो. 'उद्या घरी सोडतो' म्हणून सांगा, तो मान डोलावेल आणि चालत राहील. तोंड शांत, हात बहुतेक शांत, सगळी वळवळ कमरेखाली. हाक मारली की येतो, बसतो, तीस-चाळीस सेकंदांत उठतो आणि पुष्कळदा उठताना ओशाळतो. जेवणाच्या वेळी हे सर्वात स्पष्ट दिसतं. भूक आहे, तक्रार नाही, भांडण नाही, तरी पोळीचा एक घास घेऊन ताटावरून उठतो, खिडकीपर्यंत जाऊन येतो, दुसरा घास घेतो. ॲजिटेटेड पेशंट ताट भिरकावेल; ताटावरून असा पुन्हा पुन्हा उठणार नाही.

विचारायचं कसं, यातही घोळ आहे. 'टेन्शन आहे का?' हा वॉर्डातला सर्वात निरुपयोगी प्रश्न, कारण उत्तर कायम 'हो'. 'बेचैन वाटतं का?' त्याचाच भाऊ. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. 'तुम्हाला चालावंसं वाटतं, की चालावंच लागतं?' आणि 'दोन मिनिटं बसून राहा म्हटलं तर कुठं काय होतं?' दुसऱ्या प्रश्नाला शब्दांआधी हाताकडे बघा. हात मांडीवर किंवा पोटरीवर गेला की अर्धं निदान झालं. पेशंटची भाषा 'पाय शिवशिवतात', 'आतून कोणी ढकलतंय', 'जीव थाऱ्यावर नाही', 'कुठं जाऊ नि काय करू असं होतं' अशी असते. शेवटच्या वाक्याला फाइलीत 'चिंता' म्हणून लिहिलं जातं, आणि 'कोणी ढकलतंय' हे तर सरळ भ्रम म्हणून. विचारा, ढकलणारा कोण? 'कोणी नाही हो, असं वाटतं' हे उत्तर आलं तर तो भ्रम नव्हे.

तपासणीला पाच मिनिटं पुरतात. बिनहाताच्या खुर्चीवर बसवा, तळवे जमिनीला टेकलेले, आणि दोन मिनिटं गावाबद्दल, पिकाबद्दल, मुलांबद्दल बोला. मग उभं करून आणखी दोन मिनिटं तशाच गप्पा. बसल्यावर पाय घासणं, टाच उचलणं, एका पायावर दुसरा टाकून लगेच काढणं; उभं राहिल्यावर या पायावरून त्या पायावर भार, जागच्या जागी पावलं. थॉमस बार्न्स यांची १९८९ची मापनश्रेणी याच निरीक्षणावर उभी आहे. दिसणारी हालचाल, आतली जाणीव आणि त्रास यांना प्रत्येकी ० ते ३, एकूण ठसा ० ते ५. ती वापरायला विशेष प्रशिक्षण लागत नाही, आणि तरी दाखल पेशंटच्या फाइलीत तिचा आकडा दिसला तर दिवाळीच.

इथं तीन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं, अकॅथिसिया थोडा वेळ दाबून धरता येतो. मोठे डॉक्टर समोर आले की पेशंट मिनिटभर निश्चल बसतो आणि मागून कोणीतरी म्हणतं, 'बघा, नाटक करतो.' दोन मिनिटं घालवायची ती यासाठीच.

दुसरं, इंजेक्शनने झोप लागली म्हणजे ॲजिटेशनच होतं, हा तर्क. वरच्या नोंदीत ३.०० वाजता झोप आणली ती मुख्यतः प्रोमेथाझिनने. ते गुंगी आणतं, शिवाय त्याचा थोडा अँटिकोलिनर्जिक (ॲसिटिलकोलिन हे रसायन रोखणारा) परिणामही आहे. गुंगी उतरते, हॅलोपेरिडॉल मात्र अंगात राहतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण वीस तास लागतात. म्हणजे पहाटे शांत आणि दुपारी आधीपेक्षा वाईट. लोराझेपाम या शामक औषधाने तर ॲजिटेशन आणि अकॅथिसिया दोन्ही निवळतात, तेव्हा त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

तिसरं, दोन्ही एकदम असू शकतं, आणि उन्मादाच्या पेशंटमध्ये ते दुर्मीळ नाही. अशा वेळी कागद बोलतो. औषधाचा तक्ता आणि नर्सिंगच्या नोंदी शेजारी ठेवा. औषध सुरू केल्यावर, डोस वाढवल्यावर किंवा सुई दिल्यावर काही तासांपासून काही दिवसांत नवी वळवळ आली, तर ती औषधाची समजून चाला. दाखल होताना शिव्या होत्या, आता शिव्या कमी आणि चालणं जास्त, तर आजार उतरतोय आणि अकॅथिसिया चढतोय. नेमक्या याच पेशंटचा डोस वाढवला जातो.

'नवी औषधं हे करत नाहीत' ही समजूतही सोडा. ॲरिपिप्राझोल हे अगदी सर्रास करतं, ल्युरासिडोन आणि कॅरिप्राझिनही. क्वेटियापिन आणि क्लोझापिन त्या मानाने गरीब. नैराश्यासाठी दिलेल्या एसएसआरआय गोळ्यांनीही होतं. सर्जरीच्या वॉर्डातून 'पेशंट घाबरलाय, पळून जायला बघतो' म्हणून बोलावणं आलं, तर आधी उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा स्टेमेटिल दिलंय का ते पाहा.

उपचारात पहिलं काम डोस उतरवणं किंवा कमी त्रासाच्या औषधावर जाणं. जोडीला प्रोप्रॅनोलॉल, १० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सोसलं तर दिवसाला ४० ते ८० मिग्रॅपर्यंत हळूहळू. दम्याच्या पेशंटला नाही. प्रत्येक डोसाआधी नाडी आणि रक्तदाब. नाडी ६०च्या खाली किंवा वरचा दाब १००च्या खाली असेल तर तो डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. प्रोप्रॅनोलॉल चालत नसेल तर रात्री मिर्टाझापिन १५ मिग्रॅ, पण उन्मादाच्या पेशंटला नव्हे, उन्माद वाढू शकतो. क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ थोड्या दिवसांसाठी ठीक.

आणि पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल. 'हालचालीचा त्रास म्हणजे पॅसिटेन' हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की अँटिसायकोटिकबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिग्रॅ आपोआपच लिहिलं जातं. मान वाकडी झाली, डोळे वर गेले, हात थरथरायला लागले, अंग ताठरलं, तर ते कामाचं आहे. नुसत्या अकॅथिसियात त्याचा भरवसा नाही, आणि बद्धकोष्ठ, कोरडं तोंड, म्हाताऱ्या माणसाला भ्रम ही किंमत मात्र हमखास मोजावी लागते. पॅसिटेन चालू आहे म्हणून अकॅथिसिया असूच शकत नाही, हे वाक्य तर बंदच व्हायला हवं. डेपोचं, म्हणजे तेलातून हळूहळू सुटणाऱ्या इंजेक्शनचंही तेच. गोळ्यांवर पाय वळवळत असताना फ्लुफेनाझिन डेकॅनोएट २५ मिग्रॅ टोचू नका. गोळी उद्या थांबवता येते, टोचलेलं तेल काही आठवडे अंगात राहतं.

चूक महागात कुठं पडते? तगमग असह्य झाली की पेशंट स्वतःला इजा करू शकतो, दुसऱ्याच्या अंगावरही जाऊ शकतो, आणि मग खरंच ॲजिटेशन दिसतं. त्याहून वाईट म्हणजे बांधणं. ज्याला चालल्यावरच थोडा आराम मिळतो, त्याचे हातपाय खाटेला बांधले तर काय होईल, याला कल्पनाशक्ती लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ नुसार बांधणं चालतं ते फक्त तत्काळ इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण लिहून. आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. 'रात्री माणसं कमी होती' हे कारण त्यात बसत नाही. अशा पेशंटला कॉरिडॉरमध्ये चालू द्या, कोणीतरी नजर ठेवा.

अकॅथिसियासारखे दिसणारे बाकीचे लबाड थोडक्यात. रेस्टलेस लेग्ज या पायांच्या विकाराचा त्रास संध्याकाळी आणि आडवं झाल्यावर वाढतो. अकॅथिसियात आडवं झाल्यावर बहुधा बरं वाटतं. दारू सुटलेल्याला घाम, थरथर आणि धावती नाडी असते. टार्डिव्ह डिस्कायनेशियात, म्हणजे अशी औषधं दीर्घकाळ घेतल्यावर येणाऱ्या हालचालींत, जीभ आणि ओठ हलतात आणि पेशंटला त्याचं फारसं काही वाटत नाही. वेळ-जागा चुकत असेल तर डेलिरियम, म्हणजे शारीरिक आजाराने अचानक आलेला बुद्धीचा गोंधळ, समजून साखर, ऑक्सिजन, ताप बघा. ताप आणि ताठरपणा एकत्र दिसला तर अँटिसायकोटिक थांबवून लगेच वरिष्ठांना बोलवा.

रात्रीच्या सिस्टरांना एकच विनंती, 'अस्वस्थ' हा शब्द लिहू नका. 'रात्री ९.३० ते १०.०० मध्ये खाटेवरून सहा वेळा उठला, बोलणं शांत, सांगितल्यावर बसतो, पाय हलवतो, शेवटचं इंजेक्शन दुपारी ४.००' असं लिहा. सकाळी डोस वाढवायचा की उतरवायचा हे त्या एका ओळीवर ठरतं.

डिस्चार्ज कार्डावर 'हॅलोपेरिडॉलची ॲलर्जी' असं लिहायची पद्धतही थांबवा. ती ॲलर्जी नव्हे, आणि पुढच्या दवाखान्यात अंगावर पुरळ आलं होतं का एवढंच विचारून तीच सुई परत टोचली जाईल. 'हॅलोपेरिडॉल १५ मिग्रॅवर तीव्र अकॅथिसिया, ५ मिग्रॅवर नाही, प्रोप्रॅनोलॉल ४० मिग्रॅने आराम', असं आकड्यांसकट लिहा, आणि तेच नातेवाइकांना मराठीत वाचून दाखवा.