बोअडिसिया आणि तिच्या मुली (लंडन)

लंडनमध्ये थेम्सच्या काठी, वेस्टमिन्स्टर पुलाच्या पश्चिम टोकाशी असलेले ब्राँझचे समूहशिल्प. समोरच ब्रिटिश संसदेचा घड्याळाचा मनोरा आहे. इ.स. ६०–६१ च्या सुमारास ब्रिटनमधील रोमन सत्तेविरुद्ध उठाव करणारी आइसेनी जमातीची राणी बूडिका आणि तिच्या दोन मुली यात दाखवल्या आहेत. बोअडिसिया हे त्याच नावाचे जुने, काव्यातून रूढ झालेले रूप. शिल्पकार टॉमस थॉर्निक्रॉफ्ट, उभारणी १९०२.

दोन घोडे पुढचे पाय उचलून उधळले आहेत. रथात राणी ताठ उभी आहे. एका हातात भाला, दुसरा हात उंचावलेला. मुली तिच्या दोन्ही अंगांना ओणवून बसल्या आहेत. घोड्यांना लगाम नाहीत आणि चाकांच्या आसांना लांब पाती लावली आहेत. ही पाती पाहणाऱ्याच्या मनात राहतात, पण ब्रिटनमधील उत्खननांत अशा पात्यांच्या रथाचा पुरावा सापडलेला नाही. रथाचा घाटही त्या जमातींच्या हलक्या, वेताच्या बाजूंच्या रथांपेक्षा रोमन रथालाच जवळचा आहे. शिल्पाचे मोल म्हणूनच इतिहासाच्या अचूकपणात शोधू नये. तीन स्त्रियांचे स्थिर देह आणि घोड्यांची उसळी यांत जो ताण आहे, तो मात्र अस्सल आहे.

थॉर्निक्रॉफ्टने काम १८५६ मध्ये हाती घेतले. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्यात रस घेतला आणि नमुन्यासाठी आपले घोडे दिले. अल्बर्ट १८६१ मध्ये वारले. शिल्पकार मात्र वर्षानुवर्षे त्यावर काम करत राहिला. १८८५ मध्ये तो वारला तेव्हाही शिल्प ब्राँझमध्ये ओतले गेले नव्हते. त्याचा मुलगा जॉन आयझॅक थॉर्निक्रॉफ्ट हा टॉर्पेडो नौका बांधणारा नामवंत अभियंता. त्याने ते शहराला दिले, फ्रोम गावच्या सिंगर यांच्या ओतशाळेत ते ओतले गेले आणि लंडन कौंटी कौन्सिलने आजच्या जागी बसवले.

बूडिकाची हकीकत मुख्यतः टॅसिटस आणि कॅसियस डिओ या दोन रोमन इतिहासकारांकडून कळते, म्हणजे शत्रुपक्षाकडून. तिचा नवरा प्रासुटॅगस रोमचा मांडलिक होता. घराणे टिकावे म्हणून त्याने मृत्युपत्रात सम्राट नीरोला आपल्या मुलींच्या जोडीने वारस केले. रोमन अधिकाऱ्यांनी ते धाब्यावर बसवून सारे राज्य लुटले, राणीला फटके मारले आणि मुलींवर बलात्कार केले. मग आइसेनी उठले. आजचे कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स ही तीन नगरे जळाली. लंडनच्या जमिनीखाली त्या आगीचा लालसर थर अजून सापडतो. सुभेदार सुटोनियस पॉलिनस याने अखेरच्या लढाईत उठाव मोडला. टॅसिटसच्या मते राणीने विष घेतले.

चबुतऱ्यावर विल्यम कूपर या कवीच्या ओळी कोरल्या आहेत. सीझरला ठाऊकही नव्हते अशा प्रदेशांवर तुझे वंशज राज्य करतील, असा त्यांचा आशय आहे. मराठी वाचकाला इथे थांबावेच लागते. झाशीचे गंगाधरराव १८५३ मध्ये वारले. त्यांनी मरणापूर्वी दत्तक घेतलेला मुलगा कंपनी सरकारने नाकारला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. थॉर्निक्रॉफ्टने शिल्प सुरू केल्यानंतर दोनच वर्षांनी, जून १८५८ मध्ये, राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ इंग्रज फौजेशी लढताना पडली. मृत राजाची इच्छा पायदळी तुडवली जाणे, त्याच्या विधवेने शस्त्र उचलणे आणि त्या लढ्यात तिचा अंत होणे हा क्रम दोघींच्या बाबतीत एकच आहे. परक्या सत्तेविरुद्ध उठलेल्या राणीची थोरवी ज्या साम्राज्याला आपल्या पूर्वजांमध्ये दिसली, त्याला ती झाशीत मान्य करता आली नाही. कूपरच्या ओळींनी तर बंडखोर राणीला साम्राज्याची आद्य माता करून टाकले आहे, आणि हा तिच्यावर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे.

ब्रिटनमधील स्त्रियांनी मात्र तिला वेगळ्या अर्थाने आपलेसे केले. मताधिकाराच्या चळवळीत तिचे नाव वारंवार घेतले गेले. जून १९०८ च्या लंडनमधील मोर्चात तिच्या नावाचा झेंडा होता.

शिल्पात मुलींवरील अत्याचाराची खूण जवळजवळ नाही, त्या आईच्या रणावेशात सामील झालेल्या दिसतात. कार्डिफच्या नगरभवनात जेम्स हॅवर्ड टॉमस याचे १९१६ मधील संगमरवरी शिल्प आहे. त्यात रथ नाही, घोडे नाहीत. दोन्ही मुलींना जवळ घेतलेली आई तेवढी आहे. उठाव कशासाठी झाला हे समजून घ्यायचे तर ते शिल्प लंडनच्या शिल्पापेक्षा अधिक सांगते.