सीटचे पैसे कोण भरतं? स्पोर्ट्स कार शर्यतीतल्या पगारी चालकाची पार्श्वभूमी

फ्रान्समधल्या ले मान्सची 24 तासांची शर्यत 1923 साली सुरू झाली ती मोटारींचा टिकाऊपणा जोखायला. चालकाला तिथे दुय्यम स्थान होतं, आणि स्टिअरिंगवर बसायचे बहुतेक हौशी श्रीमंत. वुल्फ बार्नाटोच पाहा. हिऱ्यांच्या खाणींच्या पैशाचा वारस. त्याने बेंटली कंपनीत पैसा ओतला आणि तिच्याच गाड्यांतून 1928, 1929, 1930 अशी लागोपाठ तीन वर्षं शर्यत जिंकली. पगार घेणं दूरच, कंपनीचे पगार त्याच्याच पैशातून होत!

हौसेची परिसीमा पिएर लव्हेगने गाठली. 1952 मध्ये जोडीदाराला गाडी न देता तो सुमारे 23 तास एकटाच चालवत राहिला. शर्यत संपायला तासाभराहून थोडाच वेळ उरला असताना, आघाडीवर असतानाच इंजिन गेलं. 1955 साली तो मर्सिडीजकडून उतरला. त्याच्या गाडीला अपघात झाला आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. तो आणि 80हून अधिक लोक मेले. आज सहा तासांत चारपेक्षा जास्त आणि एकूण 14पेक्षा जास्त तास एका चालकाला गाडी चालवता येत नाही, म्हणून एका गाडीत सहसा तिघं असतात.

या वाटणीमुळे चालकाचा कस बदलला. एका लॅपचा वेग पुरत नाही. टायर आणि इंधन जपून गाडी धडधाकट पुढच्याच्या हाती द्यावी लागते. अशा चालकाला मोटार कंपन्या वर्षानुवर्षं पगारावर ठेवू लागल्या. जॅकी इक्सने 1969 ते 1982 दरम्यान ले मान्स सहा वेळा जिंकली. पण त्याच्याकडे फॉर्म्युला वनचं नाव होतंच.

टॉम क्रिस्टेनसेनकडे तेही नव्हतं. हा डॅनिश चालक फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कधीच उतरला नाही. 1997 मध्ये ऐनवेळी बोलावणं आलं आणि तो पदार्पणातच जिंकला. 2013 पर्यंत नऊ विजय झाले. स्पोर्ट्स कार म्हणजे फॉर्म्युला वन हुकलेल्यांचा आसरा, हा समज माझ्या मते त्याने कायमचा मोडला.

हौशी मात्र गेले नाहीत. चालकांना आता प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि हौशींसाठी ब्राँझ अशी श्रेणी मिळते, आणि एलएमजीटी3 या, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांच्या वर्गात प्रत्येक गाडीत एक ब्राँझ चालक सक्तीचा आहे. तो बहुधा सीटचे पैसे स्वतः मोजणारा उद्योगपती असतो. त्या पैशावर शेजारच्या व्यावसायिकाचा पगार निघतो, आणि मालकाला ब्रेक कुठे दाबायचा हे शिकवणं त्या पगारातच येतं.