बोगद्यात कोण राहतं? भुयारी रेल्वेवरच्या भयपटांची पार्श्वभूमी

१० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे लोकांसाठी सुरू झाली. मार्ग पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, इंजिनं वाफेची, डब्यांत गॅसचे दिवे आणि बोगद्यात कोळशाचा धूर. जमिनीखालची जागा तोवर खाणकामगारांची आणि मृतांची मानली जायची. आता साधे नोकरदार रोज सकाळी तिकीट काढून, आपणहून खाली उतरू लागले. भुयारी भयपटांचा इतिहास बहुतेक वेळा १९७०च्या दशकापासून सांगितला जातो. मला तो या खोदकामापासूनच सांगावासा वाटतो. कारण या चित्रपटांतला राक्षस सहसा परका नसतो. शहरानेच कधीतरी त्याला खाली ढकललेलं असतं आणि मग त्याचा विसर पडू दिलेला असतो.

ते खोदकाम कसं झालं ते आधी पाहू. रस्ता उघडा खणायचा, खाली विटांची कमान बांधायची आणि वर पुन्हा माती लोटायची, अशी पद्धत होती. फॅरिंग्डनच्या बाजूला या कामासाठी गरिबांच्या दाट वस्त्या पाडल्या गेल्या आणि हजारो माणसं उघड्यावर आली. फ्लीट नावाची नदी तोवर गटार करून गाडून टाकलेली होती. जून १८६२ मध्ये ती फुटली आणि तिचं पाणी चालू कामात घुसलं. पुढे शंभर वर्षांनी पटकथाकारांना लागणारं सगळं साहित्य इथे पहिल्याच मार्गावर जमलेलं दिसतं : हाकलून दिलेली माणसं, गाडलेली नदी, आणि या दोन्हींच्या डोक्यावरून निर्धास्त जाणारी गाडी.

सिनेमाच्या आधी साहित्याने हे ओळखलं. ब्रायटनच्या मार्गावरच्या क्लेटन बोगद्यात ऑगस्ट १८६१ मध्ये दोन गाड्यांची टक्कर होऊन २३ माणसं मेली. चार वर्षांनी चार्ल्स डिकन्स स्वतः स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला. १८६६ मध्ये त्याने बोगद्याच्या तोंडाशी एकटा ड्यूटी करणाऱ्या सिग्नलवाल्याची भुताची गोष्ट लिहिली. तिच्यातलं भूत कोणाच्या मानगुटीवर बसत नाही, ते फक्त इशारा देतं; आणि तो इशारा कळूनही सिग्नलवाल्याच्या हातात काही नसतं. बोगद्याचं भय आणि खालच्या पगारावरच्या माणसाची हतबलता यांची गाठ तिथे पहिल्यांदा पक्की बसली असं मला वाटतं.

त्याहून मोठी उडी एच. जी. वेल्सची. १८९५च्या ‘द टाइम मशीन’मध्ये त्याने दूरच्या भविष्यातले मॉरलॉक रंगवले : जमिनीखाली यंत्रं चालवणारे आणि रात्री वर येऊन वरच्या सुखवस्तू जमातीला खाणारे. हे कुठून आलं असावं याचा तर्क कादंबरीतला निवेदकच मांडतो, आणि तो करताना लंडनच्या भुयारी रेल्वेचा, नव्या विद्युत रेल्वेंचा आणि जमिनीखालच्या कामाच्या जागांचा थेट उल्लेख करतो. खोलवरच्या बोगद्यातून विजेवर धावणारी पहिली गाडी लंडनमध्ये १८९० साली सुरू झाली होती, म्हणजे वेल्ससमोर हे उदाहरण अगदी ताजं होतं. मजूर कायम खालीच राहिले तर पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यांचं काय होईल, हा त्याचा प्रश्न. पुढचे निम्मे भुयारी भयपट याच प्रश्नाभोवती फिरतात.

मग युद्ध आलं. १९४०च्या बॉम्बवर्षावात लंडनकर फलाटांवर गोधड्या पसरून झोपू लागले. निवारा देणारी ही जागा जीवही घेऊ शकते हेही त्यांनी पाहिलं. ३ मार्च १९४३च्या रात्री बेथनल ग्रीन स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत १७३ माणसं गेली, आणि त्या जागी एकही बॉम्ब पडलेला नव्हता. ज्या पिढीने ही रात्र ऐकली किंवा भोगली, तीच पुढे प्रेक्षक म्हणून थिएटरात बसली.

नायजेल नील या पटकथाकाराला ही स्मृती नेमकी सापडली होती. त्याची ‘क्वाटरमास अँड द पिट’ ही मालिका १९५८-५९ मध्ये बीबीसीवर आली, आणि १९६७ मध्ये भयपट काढणाऱ्या हॅमर या ब्रिटिश कंपनीने रॉय वॉर्ड बेकरच्या दिग्दर्शनाखाली तिचा चित्रपट केला. मालिकेत एका इमारतीच्या पायासाठी खोदकाम चाललेलं असतं. चित्रपटाने ते उचलून भुयारी रेल्वेच्या विस्तारात नेलं. त्या वर्षांत लंडनखाली खरोखरच व्हिक्टोरिया लाइन खणली जात होती, त्यामुळे हा बदल अगदी चपखल बसला. खोदताना आधी कवट्या सापडतात, मग धातूचं काहीतरी लागतं, आणि सगळ्यांना वाटतं की युद्धातला न फुटलेला जर्मन बॉम्ब असणार. निघतं ते लाखो वर्षांपूर्वीचं परग्रहावरचं यान. खाली गाडलेली गोष्ट माणसाच्या स्वभावातच उतरलेली आहे, असा हा चित्रपट म्हणतो. त्यातले विशेष परिणाम आज जुने वाटतील, पण ही कल्पना अजूनही अंगावर येते.

आता ज्या चित्रपटाशिवाय हा विषय पुरा होत नाही तो : १९७२ चा ‘डेथ लाइन’. दिग्दर्शक गॅरी शर्मन अमेरिकन, आणि हा त्याचा पहिलाच कथापट. गोष्ट अशी. १८९२ मध्ये बोगद्याचं काम चालू असताना दरड कोसळते आणि काही मजूर, बाया आणि पुरुष, आत अडकतात. कंपनी दिवाळखोर होते. ढिगारा उपसायला पैसा नाही, म्हणून त्यांना मेलेलं समजून काम सोडून दिलं जातं. पण ते मरत नाहीत. अंधारात, एकमेकांची प्रेतं खाऊन, पिढ्या काढतात. त्यांच्यातला शेवटचा पुरुष आता रसेल स्क्वेअर स्थानकावरून रात्री उशिराचे प्रवासी उचलतो आहे. ही दुर्घटना काल्पनिक आहे, पण तिच्यामागचा हिशेब खरा वाटतो : मजुराच्या जिवापेक्षा खोदाईचा खर्च जास्त.

शर्मनचं खरं धाडस त्याच्या कॅमेऱ्यात दिसतं. त्या माणसाच्या गुहेची ओळख तो एका लांबलचक, न तोडलेल्या शॉटमध्ये करून देतो. प्रेतांवरून सरकत कॅमेरा त्याच्यापाशी येऊन थांबतो, आणि आपल्याला दिसतं की तो त्याच्या मरणाऱ्या गरोदर सोबतिणीची शुश्रूषा करतो आहे. ह्यू आर्मस्ट्राँगने ही भूमिका जवळजवळ शब्दांवाचून केली आहे. त्या माणसाला भाषेतलं एकच वाक्य येतं, फलाटावरून भिंतीपलीकडे ऐकू येणारी घोषणा : दारं सांभाळा. विनवणी, धमकी, शोक, सगळ्यासाठी तो हेच ओरडतो. वर पोलीस तपास करत असतात तोही एका बड्या सरकारी अधिकाऱ्याचा पत्ता लागत नाही म्हणून. त्याआधी त्याच स्थानकावरून गायब झालेल्यांची फारशी फिकीर कोणी केलेली नसते. डोनाल्ड प्लेझन्सने रंगवलेला इन्स्पेक्टर चहा आणि खवचटपणा यांत रमलेला आहे. या भयपटात सगळ्यात माणसासारखं वागणारा माणूस म्हणजे ज्याला आपण राक्षस समजतो तो, हे ध्यानात आलं की चित्रपट पुन्हा पाहताना जड जातो.

चित्रीकरणाचा व्यवहारही समजून घ्यायला हवा, कारण त्यानेच या चित्रपटप्रकाराचा चेहरा घडवला. चालू भुयारी रेल्वे दिवसभर प्रवाशांच्या ताब्यात, रात्री दुरुस्तीवाल्यांच्या. तिथे शूटिंगला वेळ मिळणार कधी? लंडनमध्ये उत्तर होतं ऑल्डविच स्थानक. १९६२ पासून तिथे फक्त गर्दीच्या वेळी गाड्या धावत, त्यामुळे एरवी ते मोकळं असे. ‘डेथ लाइन’ तिथेच चित्रित झाला. १९९४ मध्ये स्थानक कायमचं बंद झालं आणि चित्रपटवाल्यांची तिथली वर्दळ आणखी वाढली. ख्रिस्तोफर स्मिथचा २००४ चा ‘क्रीप’ ऑल्डविचमध्ये आणि चेरिंग क्रॉसच्या १९९९ पासून वापरात नसलेल्या फलाटांवर घडवला गेला. शेवटची गाडी चुकलेली बाई रात्रभर स्थानकात अडकते, एवढ्या साध्या धाग्यावर तो उभा आहे. शेवटच्या प्रसंगात मळलेली, थकलेली नायिका फलाटावर बसलेली असते आणि एक प्रवासी तिला भिकारीण समजून तिच्यापुढे नाणं ठेवतो. त्या नाण्यासाठी मी बाकीच्या चित्रपटाच्या उणिवा माफ करतो.

बोगदा दिग्दर्शकाला काही गोष्टी फुकटात देतो. पाहायला दिशा दोनच, पुढची आणि मागची. उजेड येतो तो गाडीबरोबर आणि जातोही तिच्याबरोबरच. गाडी दिसण्याआधी वारा येतो, कारण बोगद्यातली हवा ती पुढे रेटत असते. म्हणजे काहीतरी येतंय हे अंगाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. जॉन लँडिसने १९८१ च्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मध्ये टॉटनहॅम कोर्ट रोड स्थानकातल्या पाठलागात लांडगा जवळपास दाखवलाच नाही, रिकामा मार्ग, सरकता जिना आणि त्यावर कोसळलेला माणूस पुरला. त्याच वर्षी आंद्रेज झुलाव्स्कीच्या ‘पझेशन’मध्ये पश्चिम बर्लिनच्या भुयारी मार्गात इझाबेल अजानीने जो झटका येण्याचा प्रसंग केला, त्यात तर दुसरं कोणीच नाही. भिंतीने चिरलेल्या त्या शहरात पश्चिमेच्या काही गाड्या पूर्वेच्या बंद, पहारा असलेल्या स्थानकांतून न थांबता जात. खाली उतरलं की शहराची फाळणी जास्तच स्पष्ट दिसे.

न्यूयॉर्कचा भुयारी मार्ग १९०४ चा. १९८०च्या दशकात त्याच्या बोगद्यांत बेघर माणसांच्या वस्त्या होत्या, आणि भयपटाने त्यांना लगेच उचललं. १९८४ च्या ‘चड’मध्ये शहराखाली गुपचूप साठवलेल्या विषारी कचऱ्यामुळे तिथे राहणारी माणसं राक्षस बनतात. बेघर गायब होत आहेत हे अन्नछत्र चालवणारा सांगत असतो. तपासाला मात्र खरी निकड येते ती पोलीस कॅप्टनची बायको नाहीशी झाली म्हणून. ‘डेथ लाइन’चीच ही रचना. चित्रपट स्वस्त आहे, पण दोष कोणाचा याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नाही. यासोबत मार्क सिंगरचा २००० सालचा ‘डार्क डेज’ हा माहितीपट जरूर पाहावा. मॅनहॅटनखालच्या रेल्वे बोगद्यात झोपड्या करून राहणारी खरी माणसं त्यात आहेत, आणि चित्रपटाच्या कामातही तीच होती. दाढी करणारी, कुत्रे पाळणारी, जेवण रांधणारी. हा पाहिल्यावर बोगद्यातल्या सावल्यांकडे पहिल्यासारखं पाहता येत नाही.

गिलेर्मो देल तोरोच्या ‘मिमिक’मध्ये (१९९७) झुरळं मारायला प्रयोगशाळेत बनवलेले किडे भुयारात वाढतात आणि ओव्हरकोट घातलेल्या माणसाचा आकार घेतात. गर्दीत कोणी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, हाच त्यांचा आडोसा. क्लाइव्ह बार्करच्या १९८४ मधल्या कथेवरचा ‘द मिडनाइट मीट ट्रेन’ २००८ मध्ये आला. त्यात खालच्यांना बळी पुरवण्याची व्यवस्थाच लावलेली असते. सिडनीतल्या ‘द टनेल’ने (२०११) सेंट जेम्स स्थानकामागचे न वापरलेले बोगदे निवडले. सरकार तिथलं पाणी वापरण्याची योजना गाजावाजा करून आणतं आणि मग चुपचाप गुंडाळतं. कारण शोधायला गेलेल्या पत्रकारांना कळतं की आत आसरा घेणारे बेघर नाहीसे होत आहेत. निर्मात्यांनी चित्रपटाच्या चौकटी (फ्रेम) एकेक डॉलरला विकून पैसा उभा केला आणि चित्रपट टॉरेंटवर मोफत सोडला. योन सांग-होच्या ‘सोल स्टेशन’ या २०१६ च्या ॲनिमेशनपटात झॉम्बींची साथ सुरू होते ती स्थानकाजवळ रक्तबंबाळ फिरणाऱ्या एका म्हाताऱ्यापासून. मदतीला निघालेला तरुण त्याच्या अंगाचा वास येताच मागे फिरतो. त्या दोन पावलांवर सगळा चित्रपट उभा आहे.

पॅरिसच्या अस्थिभुयारांत चित्रित झालेला २०१४ चा ‘ॲज अबव्ह, सो बिलो’ मला या रांगेत थोडा बाजूचा वाटतो. १७८६ पासून शहराच्या भरलेल्या दफनभूमींतून लाखो माणसांची हाडं त्या जुन्या खाणींत हलवली गेली. इतकी मोठी गोष्ट हाताशी असताना चित्रपट तिचा वापर मुख्यतः सजावटीसारखा करतो.

अलीकडची खरी झेप जपानची. कोताके क्रिएटच्या २०२३ च्या गेमवर गेंकी कावामुराने केलेला ‘एक्झिट ८’ २०२५ मध्ये कान महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागात दाखवला गेला. पांढऱ्या फरशांची, लख्ख उजेडाची भुयारी वाट, आणि तिच्यात पुन्हापुन्हा त्याच जागी येणारा माणूस. नरभक्षक मजूर, विषारी कचरा, किडे, काहीच नाही. पण चित्रपट सुरू होतो तो गर्दीच्या डब्यात : रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या आईवर एक प्रवासी खेकसत असतो, बाकीचे मोबाइलमध्ये मान घालून बसतात, आणि नायकही कानात इअरफोन घालून गप्प राहतो. शिक्षा आता थेट त्या पाहून न पाहिलेल्या प्रवाशाला आहे, आणि बाहेर पडण्याचा नियम भिंतीवर लिहिलेला आहे : काही वेगळं दिसलं तर लगेच मागे फिर, नाही दिसलं तर पुढे चालत राहा. म्हणजे त्याला भिंतीवरची प्रत्येक जाहिरात, प्रत्येक दार, समोरून येणारा प्रत्येक चेहरा नीट पाहावाच लागतो.